बांध सरकला, आता काय? शेजाऱ्याच्या अतिक्रमणावर कायद्याने काय करता येतं

तीनशे तीस फूट लांबीचा बांध धरा. शेजारी दर नांगरटीला त्यातला वीतभर, म्हणजे नऊ इंच, कोरतो. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या वर्षी 'ट्रॅक्टरवाला पोरगा नवीन होता' म्हणून विषय संपतो. बारा वर्षांत बांध नऊ फूट आत आलेला असतो. नऊ गुणिले तीनशे तीस म्हणजे २,९७० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे पावणेतीन गुंठ्यांच्या आसपास जमीन गेली. हायवे शेजारून जाणार असेल तर तेवढ्यात बंगला बसतो, आणि तोवर सोडून दिलेला विषय अचानक जिवाचा होतो.

बारा हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. का, ते पुढे येईलच.

पेरणीच्या तोंडावर तहसील कचेरीत आणि पोलीस ठाण्यात बांधाच्या अर्जांची रीघ लागते. प्रत्येकाच्या हातात सातबारा आणि तोंडी एकच वाक्य: 'जमीन माझी आहे, साहेब.' ती त्याची असेलही. पण कायदा त्याआधी दुसरेच दोन प्रश्न विचारतो. हद्द नेमकी कुठे आहे? आणि ताबा कोणत्या तारखेला गेला? या दोन्हींची उत्तरं कागदावर असतील तर भांडण निम्मं सोपं होतं. नसतील तर खरा मालकही वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो.

इथे मुख्यतः महाराष्ट्रातल्या शेतजमिनीबद्दल लिहितो आहे. प्लॉट आणि शहराचं शेवटी थोडक्यात येईल.

सातबारा माझ्या नावावर आहे, मग प्रश्नच काय?

सातबारा हा शाळेच्या हजेरीपटासारखा असतो. पटावर नाव असलं म्हणजे पोरगं शाळेचं आहे असं सगळे धरून चालतात, पण ते कुठल्या बाकावर बसतं हे पट सांगत नाही. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, आकार म्हणजे शेतसारा असतो, खातेदाराचं नाव असतं. तुमचं एक हेक्टर वीस आर जमिनीवर नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

दुसरी गोष्ट, सातबारा मालकी देत नाही. महसूल कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे, म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे, त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, एवढंच. मालकी येते ती खरेदीखताने, वाटणीपत्राने, वारसाने, बक्षीसपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. फेरफार आणि सातबाऱ्याच्या नोंदी मुळात सारावसुलीसाठी आहेत, त्यांनी मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

म्हणजे गोष्टी तीन. मालकी खरेदीखतात, हद्द भूमी अभिलेख कार्यालयाच्या नकाशात आणि ताबा, ज्याला गावात वहिवाट म्हणतात, तो प्रत्यक्ष जमिनीवर. अतिक्रमणात मालकी तुमच्याकडेच राहते, हद्दही नकाशात जागची हलत नाही, जाते ती फक्त वहिवाट. गंमत अशी की माणूस कचेरीत धावतो तो मालकीचा कागद घेऊन, आणि त्याच्या मालकीबद्दल शेजाऱ्याची काही तक्रारच नसते. शेजारी म्हणतो, 'तुझी जमीन तुझीच आहे की. पण ती लिंबापासून पलीकडे.'

पहिलं काम मोजणी

आपल्याकडच्या शेतांच्या हद्दी इंग्रजांच्या काळातल्या मोजणीवर उभ्या आहेत. मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणी आणि सारा-आकारणीची घडी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसली. तेव्हाची साखळी तेहतीस फुटांची होती, आणि तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९, तोच आपला गुंठा. त्या साखळीने घेतलेली मापं 'टिपण' नावाच्या कागदावर नोंदली गेली. पुढे पोटहिस्से पडले त्यांची मापं फाळणीत आली. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत गट पाडले, तिथे गटबुक तयार झालं. आजचा भूकरमापक रोव्हर घेऊन येतो, उपग्रहावरून काही सेंटिमीटरपर्यंत बिंदू पकडतो, पण त्याला जुळवायचं असतं ते या जुन्या कागदांशीच.

तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करायचा. अर्ज ऑनलाइनही होतो. चालू सातबारा आणि चतुःसीमेची माहिती लागते, म्हणजे चारही बाजूंच्या खातेदारांची नावं आणि पत्ते. नियमित आणि द्रुतगती अशा दोन प्रकारांत फी घेतली जाते. दुसरी महाग, तारीख लवकर.

चतुःसीमेच्या रकान्यात लोक घाई करतात आणि तिथेच केस बिघडते. शेजारी वारला असेल आणि तुम्ही त्याचंच नाव लिहिलंत, तर नोटीस मयताच्या नावे जाते, वारस म्हणतात आम्हाला कळवलंच नाही, आणि अख्खी मोजणी वादात पडते. ज्या शेजाऱ्याला नोटीस मिळाली नाही त्याच्याविरुद्ध मोजणीचा नकाशा कोर्टात फारसा टिकत नाही. सातबारे काढा, वारसांची नावं बघा, सगळी लिहा. पुण्यात राहणारी बहीणही त्यात आली.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक आधी तुमच्या शेताकडे बघतच नाही. तो न हललेली खूण शोधतो: गावाच्या शिवेवरचा दगड, तिगडा म्हणजे तीन हद्दी मिळतात तिथली खूण, जुनी विहीर, शेजारच्या गटाचा मोजलेला कोपरा. तिथून तो तुमच्यापर्यंत येतो. मग वहिवाटीच्या रेषेवर चालत बिंदू घेतो, आणि नकाशाप्रमाणे हद्द कुठे येते तिथे खुंट्या ठोकून फक्की टाकतो. त्या पांढऱ्या रेषेवर जेव्हा शेजाऱ्याच्या उसाच्या दोन सऱ्या येतात, तेव्हा आवाज चढतात. यावेळी गप्प बसणं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. शेजारी पंचनाम्यावर सही करणार नाही, न करो. 'हजर, सहीस नकार' एवढा शेरा पुरतो. मारामारीची खरंच भीती असेल तर अर्जासोबतच पोलीस बंदोबस्ताची मागणी करून ठेवा, ऐनवेळी शंभर नंबर फिरवू नका.

काही दिवसांनी जो नकाशा मिळतो त्याला 'क' प्रत म्हणतात. त्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट या दोन्ही रेषा असतात आणि मधल्या पट्ट्याचं क्षेत्र लिहिलेलं असतं. पुढच्या प्रत्येक अर्जाचा पाया हाच कागद. मोजणी चुकली असं तुम्हाला किंवा शेजाऱ्याला वाटलं तर वरिष्ठांकडून फेरतपासणी मागता येते, तिला निमताना मोजणी म्हणतात. त्यावर पुन्हा जिल्हा पातळीवर सुपर निमताना.

खासगी सर्व्हेअरकडून स्वस्तात मोजून घेण्याचा मोह होतो. स्वतःच्या समाधानासाठी, किंवा खर्चात पडावं की नाही हे ठरवण्यासाठी ठीक आहे. शेजाऱ्याला नोटीस न देता काढलेला तो नकाशा कोर्टात ठेवायच्या लायकीचा नसतो.

एक अडचण मात्र मोजणीने सुटत नाही. सातबारा सामाईक असेल, चार भावांची नावं आणि पोटहिस्सा पडलेला नसेल, तर भूकरमापक गटाची बाहेरची हद्द दाखवेल. 'माझा पाव हिस्सा कुठला' हे दाखवू शकणार नाही, कारण कागदावर तो अजून जन्मलाच नाही. भावाने बांध कोरला ही तक्रार अशा वेळी खरं तर वाटपाची असते. आधी वाटप, मग पोटहिस्सा मोजणी, मग अतिक्रमण.

मोजणीत अतिक्रमण निघालं, म्हणजे जमीन मिळाली ना?

नाही. भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. तो त्याचा अधिकारच नाही. खुंट्या ठोकून गाडी गेली की संध्याकाळी खुंट्या उपटलेल्या असू शकतात. (सरकारी हद्दनिशाणी हलवणं किंवा मोडणं हा गुन्हा आहे, म्हणून निघायच्या आधी खुंट्यांचे फोटो काढून ठेवा.)

ताबा मिळवायचे रस्ते दोन. एक महसुली. हद्दीचा वाद महसूल अधिकाऱ्यांपुढे चालून हद्द ठरली, तर महसूल कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे जिल्हाधिकारी, किंवा त्यांचे अधिकार दिलेला अधिकारी, चुकीच्या ताब्यातल्या माणसाला नोटीस आणि चौकशीनंतर तिथून काढू शकतो. ज्याला काढलं त्याला वर्षाच्या आत दिवाणी दावा करून आपला हक्क मांडता येतो. यात एक बारकावा अर्ज लिहून देणारेही विसरतात: हातात नुसती 'क' प्रत आहे म्हणून हे कलम लागत नाही, हद्द ठरवल्याचा रीतसर निर्णय लागतो.

दुसरा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. तिकडे वळण्याआधी कॅलेंडर काढा.

दोन महिने, सहा महिने, बारा वर्षं

आजच शेजाऱ्याने रातोरात तारेचं कुंपण घालून तुमचा तुकडा आत घेतला असेल, तर तुमच्याकडे सगळ्यात जलद उपाय आहेत. तेच कुंपण तीन वर्षांपूर्वीचं असेल तर यातले बरेचसे बंद झालेले असतात. जमीन तीच, मालक तोच, पण तारीख बदलली की कायद्याचं दार बदलतं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६४ (फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं १४५) शांतताभंगाची शक्यता असेल तेव्हा वापरलं जातं. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा प्रांत, फक्त एवढंच ठरवतो की ताबा कुणाचा होता. पोलीस अहवालाच्या आधीच्या दोन महिन्यांत कुणाला जबरदस्तीने हुसकावलं असेल तर ताबा त्याचाच होता असं धरता येतं.

सहा महिन्यांच्या आत दोन उपाय आहेत. पहिला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा. मामलेदार म्हणजे आजचा तहसीलदार. शेतीच्या जमिनीवरून बेकायदा हुसकावलं, वाट अडवली, पाणी अडवलं, तर कलम ५ खाली त्याच्यापुढे दावा करता येतो. शेतरस्त्याच्या भांडणांत हे कलम रोज वापरलं जातं, ताब्यासाठी मात्र फार कमी लोकांना आठवतं. दुसरा उपाय विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ चा. नाव जड आहे, पण दावा साधा: माझा ताबा होता, मला संमतीशिवाय आणि कायद्याबाहेर काढलं, परत द्या. यात मालकीचा प्रश्न निघतच नाही. तुमचं खरेदीखत सदोष असलं तरी ताबा तुमचा होता हे सिद्ध झालं की पुरे. निकालावर अपील नाही. सरकारविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही.

सहा महिने उलटले तर मालकीच्या आधारावर ताब्याचा दावा करायचा. त्याची मुदत बारा वर्षं.

म्हणून अतिक्रमण दिसल्या दिवशीच तारखेचा पुरावा तयार करा. मोबाइलने फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून, आणि तो मोबाइल विकू नका. कोर्टात फोटोसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ साधन हाताशी असलेलं बरं. पोचपावती राहील अशा रीतीने शेजाऱ्याला लेखी नोटीस पाठवा. तुमच्या क्षेत्रावर ई-पीक पाहणी दर हंगामाला करा, कारण 'पीक मी घेत होतो' हे सांगणारी ती सरकारी नोंद आहे. उपग्रहाची जुनी छायाचित्रं घर, विहीर किंवा कुंपण कधी आलं ते दाखवतात; वीतभर बांध त्यात दिसत नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

बारा वर्षं झाली की जमीन त्याचीच होते का?

गावागावात हीच भीती असते, आणि तिचा गैरफायदाही तितकाच घेतला जातो. मुदत अधिनियम १९६३ प्रमाणे, दुसऱ्याच्या जमिनीवर कुणी मालकाविरुद्ध बारा वर्षं सलग ताबा ठेवला आणि मालकाने दावा केला नाही, तर मालकाचा हक्क संपतो. याला प्रतिकूल ताबा म्हणतात.

पण नुसता बारा वर्षांचा ताबा पुरत नाही. तो उघड हवा, सलग हवा आणि मालकाचा हक्क नाकारणारा हवा. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं की ताबा जबरदस्तीचा नको, चोरून नको आणि परवानगीचाही नको. सगळ्यात जास्त दावे या शेवटच्या अटीवर पडतात. वाटेकरी, सालगडी, राखणदार, 'तुझी गाय बांध इथे' म्हणून बसवलेला नातेवाईक, यांचा ताबा परवानगीचा. तो चाळीस वर्षं चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. गोव्यातल्या एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं की राखणदार किंवा फुकट राहू दिलेला नातलग कितीही काळ राहिला तरी जागेत त्याचा हक्क तयार होत नाही. सामाईक जमिनीत एका भावाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा मानला जातो. 'तुमचा हक्क मी मानत नाही' असं त्याने उघड केल्याशिवाय बारा वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही.

आणि आपला बांध? 'ही माझीच हद्द आहे असं मला वाटत होतं' असं म्हणणारा शेजारी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो, कारण दुसऱ्याची जमीन आहे हे माहीतच नसेल तर त्या मालकाचा हक्क नाकारला कसा? अनेक निकालांत हाच मुद्दा निर्णायक ठरला आहे. शिवाय दरवर्षी वीतभर सरकणाऱ्या बांधात प्रत्येक वीतेची बारा वर्षं वेगळी. पहिल्या वीतेची मुदत भरत आली तरी अकराव्या वीतेची नुकतीच सुरू झालेली असते.

मग निवांत राहावं का? अजिबात नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं की प्रतिकूल ताबा हे फक्त बचावाचं हत्यार नाही, त्या आधारावर दावाही लावता येतो. हा कायदा मालकाला फार कठोर आहे अशी टीका २००८ च्या एका निकालात खुद्द न्यायालयानेच केली होती, पण २०२३ च्या विधी आयोगाच्या अहवालाने त्यात बदलाची गरज नाही असं मत दिलं. मला स्वतःला २००८ ची टीका पटते. पण कायदा आहे तो आहे. सरकारी जमिनीसाठी सरकारला हीच मुदत तीस वर्षांची मिळते, हे जाता जाता.

माझीच जमीन आहे, मीच जेसीबी आणला तर?

कुंपण घालायला लोक आलेत आणि तुम्ही तिथे उभे आहात, तर त्यांना अडवायचा हक्क तुम्हाला आहे, बेताने. पण कुंपण उभं राहून सहा महिने झाले, आत पीक उभं राहिलं, की त्याला कायद्याच्या भाषेत स्थिर ताबा म्हणतात, आणि मग खऱ्या मालकालाही जबरदस्ती करता येत नाही. २००४ च्या एका निकालापासून हे पक्कं आहे. जेसीबी घातलात तर उलटं होतं: शेजारी कलम ६ चा दावा लावतो, ताबा परत मिळवतो, वर तुमच्यावर पीक नुकसानीचा आणि मारहाणीचा गुन्हा नोंदवतो. मालक आरोपीच्या पिंजऱ्यात आणि अतिक्रमण करणारा फिर्यादी, हे दृश्य तालुक्याच्या कोर्टात नवीन नाही.

पोलीस म्हणतात, ही दिवाणी बाब आहे

बऱ्याचदा ते बरोबर असतात. हद्द कुठली यावर प्रामाणिक वाद असेल तर पोलिसांनी कुणाची बाजू घ्यायची? पण ठरलेल्या हद्दीत घुसून धमकावणं, पीक कापून नेणं, खुंट्या उपटणं हे गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ फौजदारी अतिक्रमणासाठी आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिक्षा किरकोळ आहे आणि त्यासाठी धाक घालण्याचा, त्रास देण्याचा किंवा गुन्हा करण्याचा हेतू दाखवावा लागतो. पोलीस ठाण्यात 'जमीन बळकावली' असं मोघम लिहू नका. अमुक तारखेला, अमुक वाजता, मोजणीच्या या या खुंट्या उपटल्या, हे फोटो, ही 'क' प्रत, असं लिहा. गुन्हा नोंदला गेला नाही तरी पोच घेतलेला तो अर्ज तारखेचा पुरावा म्हणून कामी येतो.

कोर्टात गेलं की नातवंडं निकाल ऐकतात, त्यापेक्षा सोडून दिलेलं बरं

हा आक्षेप खोटा नाही. पण दिवाणी दाव्याचा शेवटचा निकाल आणि दाव्यातून मिळणारा पहिला दिलासा यांत अंतर आहे. शेजारी बांधकाम करत असेल तर दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज देतात. न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: सकृद्दर्शनी तुमच्या बाजूला काही आहे का, मनाई दिली नाही तर जास्त गैरसोय कुणाची, आणि होणारं नुकसान पैशाने भरून निघणारं आहे का. 'क' प्रत इथे बोलते. आणि उशीर इथे मारतो: स्लॅब पडेपर्यंत गप्प बसलेल्याला कोर्ट सहसा विचारतं, इतके दिवस कुठे होता?

दाव्यात काय मागायचं यातही चुका होतात. ताबा गेलेला असताना नुसती मनाई मागून चालत नाही, ताबा परत मागावा लागतो. शेजारी तुमची मालकीच नाकारत असेल तर मालकीची घोषणाही मागावी लागते. हद्दीचा वाद असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ प्रमाणे भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून संयुक्त मोजणी मागा, आणि ती लवकर मागा. दोघांसमोर, कोर्टाच्या हुकमाने झालेल्या मोजणीनंतर पुष्कळ दावे तडजोडीवर येतात, कारण भांडायला फारसं उरतच नाही. मोजणीचा नकाशा नुसता दाखल करून भागत नाही, मोजणाऱ्याची साक्षही लागते, हे वकिलाला आठवण करून द्या. शेजारी आधी कोर्टात जाऊन एकतर्फी मनाई आणेल अशी शंका असेल तर कॅव्हेट दाखल करा. नव्वद दिवसांपर्यंत तुम्हाला ऐकल्याशिवाय सहसा आदेश होत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, मग उत्पन्न कितीही असो, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो. बांधाच्या भांडणात एकट्या राहणाऱ्या विधवा किती असतात हे बघितलं तर ही तरतूद अजून गावात पोचली नाही याचं वाईट वाटतं. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो आणि कोर्ट फी परत मिळते.

दोघंही एकमेकांच्या जमिनीत असतील तर?

असं वाटतं त्यापेक्षा जास्त होतं. एकत्रीकरणात गट नंबर पडले, पण वहिवाट जुनीच राहिली. कागदावर माझा गट तुमच्या ताब्यात, तुमचा माझ्या, आणि दोन्ही घरं तीन पिढ्या सुखाने कसतात. कर्ज काढताना किंवा विकताना बिंग फुटतं. अशांसाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. असा उलटसुलट ताबा किमान बारा वर्षांचा असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार. योजना मुदतीची आहे, म्हणून तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आधी चौकशी करा. दोघांची संमती लागते, हीच तिची अट आणि हाच तिचा अडसर. एकाच्या बाजूने रस्ता गेला की तो संमती देत नाही.

प्लॉट, गावठाण आणि शहर

शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि सिटी सर्व्हेची मोजणी असते. बाकी तत्त्वं तीच. गावठाणात आजवर ग्रामपंचायतीचा नमुना आठ घेऊन लोक मालकी सांगत आले, जो खरं तर घरपट्टीचा कागद आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जाताहेत. तुमच्या गावात चौकशी लागली असेल तर हजर राहा, हरकती नोंदवा. तिथे शेजाऱ्याच्या नावावर चढलेला ओटा नंतर उतरवायला फार कष्ट पडतात.

शेजाऱ्याने तुमच्या हद्दीत भिंत घातली तर लोक महापालिकेत किंवा नगरपरिषदेत तक्रार करतात. करावी. पण पालिका बघते ती बांधकामाला परवानगी आहे का. जमीन कुणाची हे ठरवणं तिचं काम नाही. नगररचना कायद्याखाली भिंत पडली तरी त्याखालच्या जमिनीचा ताबा तुम्हाला मिळत नाही, आणि परवानगी घेऊन बांधलेली भिंत तुमच्या जमिनीत असली तरी पालिका हात वर करू शकते. दोन्ही आघाड्या वेगळ्या लढाव्या लागतात.

सगळ्यात वाईट अवस्था गुंठेवारीतल्या प्लॉटधारकांची. एकरभर शेतजमीन, पंधरा-वीस जणांनी दोन-दोन गुंठे घेतलेली, काहींची खरेदी, काहींचं नुसतं नोटरीचं साठेखत, सातबारा सामाईक, मंजूर ले-आउट नाही, प्लॉटचा नकाशा म्हणजे दलालाने काढलेली झेरॉक्स. शेजाऱ्याने तीन फूट आत येऊन पाया खणला तर हा माणूस मोजणीला अर्ज करतो आणि त्याला उत्तर मिळतं की गटाची हद्द दाखवता येईल, तुमच्या प्लॉटची नोंदच आमच्याकडे नाही. त्याला अतिक्रमणावर दाद मागण्याआधी नियमितीकरणाच्या मागे लागावं लागतं. तोवर त्याच्या हातात असतो तो सहा महिन्यांचा, ताब्यापुरता, मालकी न विचारणारा कलम ६ चा दावा, आणि पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशीचे फोटो.